वाघबीळ

जीपच्या मागं दोरीनं बांधून आणली,
हिरवी, बुटकी, दोनच माणसांपुरती.
उद्यमनगरातली पोरं लेथ थांबवून बघायला आली.
"विलायतची हाय, आपलं ऊन सोसना तिला."
खर्डेकर सर उतरले, टोपी सारखी केली.
"तापते," म्हणाले, "पन्हाळ्याला जाताना, वाघबिळापाशी.
नेहमी तिथंच."
दुखणं सांगावं तसं नव्हे,
नातवाची खोड सांगावी तसं.

मी खालचा नळ सोडला.
ब्लॉकातनं आलं त्याला पाणी कसं म्हणू,
काहिलीवरनं काढलेली मळीच ती, तांबूस, दाट.
होजपाइप बोटानं दाबला
तर भाकरीच्या पापुद्र्यासारखा तडकला.

बोल्ट सगळे इंची.
अकरा नंबर चढेना, बारा मोकळाच फिरे.
मग आबांच्या पेटीच्या तळातनं
साडेतीन सुताचा पाना काढला.
बसला. आवाजसुद्धा केला नाही.

आजोबा भांड्यांना कल्हई लावायचे,
आबांनी रेडिएटर धरले, आबांमागं मी.
पितळ तेच, कथील तेच, नवसागराचा ठसका तोच.
हौदात रेडिएटर बुडवून हवा सोडली,
तीन जागी बुडबुडे.
चौथा बराच वेळ आला नाही,
आणि आला तेव्हा मी जवळजवळ उठले होते.

पंपातली पाती गंजून बोरीच्या पानाएवढी उरलेली.
तुकाराम सुतारानं सागवानी पॅटर्न केला,
मंगळवारी वाळूत दाबला, बुधवारी ओतीव हातात.
गॅस्केट मी हातोडीनं टोचून टोचून कापलं,
दोन वाया गेली, ती बिलात धरली नाहीत.

थर्मोस्टॅट घेऊन मुनीरच्या टपरीवर गेले.
पातेल्यात दोऱ्यानं सोडला.
ब्याऐंशीला उघडायला हवा,
पाणी खळखळलं तरी तोंड मिटलेलंच.
"ह्या पातेल्यात आता च्या कोण पिणार, अक्का?"
नवा सोडला. उघडला, इवलासा.
सर शेजारी उभे होते,
तिसरा चहा संपेपर्यंत त्याच्याकडंच बघत.

हीटरची नळी काढताना
डाव्या सीटखाली तांब्या सापडला,
पोचा आलेला, तोंडाला फडकं बांधलेला,
आणि शेंगांची टरफलं.
"राहू दे तिथंच," सर म्हणाले.
मग, मी न विचारता,
"टोपण उघडायच्या आधी ती पदर हाताला गुंडाळायची.
गाडी गार व्हायला अर्धा तास लागे.
घरी कुठं आमचं एवढं बोलणं व्हायचं."

मी टरफलंसुद्धा झाडली नाहीत.

रविवारी सकाळी बघायला म्हणून निघालो.
शिवाजी पूल, मग केर्ली,
उसाच्या ट्रॉल्यांमागनं दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळत.
काटा सी आणि एचच्या बरोबर मधे,
चढ लागला तरी मधे,
शाळेतल्या हुशार पोरीसारखा हात बांधून.
मला बरं वाटलं. मग वाटेना.
बिलाचे पैसे ब्लाउजमध्ये होते, ते टोचायला लागले.

वाघबीळ आलं.
सरांनी गाडी बाजूला घेतली, चावी फिरवली, बॉनेट वर केलं.
मी हात लावून बघितला.
"तापली नाही, सर."
"होय," म्हणाले, "काम चोख केलंस."
आणि तांब्या काढून कठड्यावर बसले.

खाली कोल्हापूर धुरकट,
गुऱ्हाळाचा एक धूर सरळ वर चाललेला.
त्यांनी दोन घोट घेतले, तांब्या माझ्याकडं केला.
"तुझ्या आबांना जाऊन
किती वर्षं झाली गं?"

मी घड्याळ बघितलं.
अर्धा तास होता.
नऊ, म्हणाले,
आणि मग पहिल्यापासून सांगायला लागले.